जुना ब्लॉग ‘असू दे’ म्हणून ठेवलाय? आधी त्यावरचा मोबाइल नंबर बघा

गेल्या दिवाळीत पुण्यातल्या एका ताईंनी माझ्या आत्याकडे फराळाची ऑर्डर दिली. म्हणजे त्यांना तसं वाटलं. गुगलवर आत्याची भाजणीच्या चकलीची पोस्ट सापडली, खाली मोबाइल नंबर होता, त्यावर त्यांनी यूपीआयनं १५०० रुपये पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर वेगळंच नाव आलं, पण घरातलं कुणी असेल म्हणून त्यांनी पिन टाकला. आठ दिवस डबा आला नाही, तेव्हा शोधाशोध करून त्यांनी आत्याचा खरा नंबर मिळवला. आत्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो जुना नंबर तिनं तीन वर्षांपूर्वी सोडला होता.

आत्यानं पदरमोड करून फराळ पाठवला आणि मग मला फोन केला. “तो ब्लॉग तूच काढून दिला होतास ना रे?”

हो, मीच. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी तिला ब्लॉगरवर फुकटात ब्लॉग करून दिला होता. पुढे ऑर्डरी वाढल्या, तेव्हा स्वतःचं डोमेन घेऊन सगळा मजकूर नव्या होस्टिंगवर हलवला. नव्या साइटवर नवा नंबर टाकला. जुना ब्लॉग मात्र तसाच राहिला. असू दे, भाकरी खातोय का, असा माझा तेव्हाचा तांत्रिक विचार!

घर बदलताना आपण जुन्या घराला कुलूप लावतो, दारावरची पाटी काढतो. इंटरनेटवर घर बदलताना जुन्या घराची हुबेहूब प्रत मागे राहते, पाटीसकट. फरक इतकाच की नव्या घरात आपण दुरुस्त्या करत राहतो आणि जुन्या घरात काळ थांबलेला असतो. जुने दर, जुना पत्ता, जुना नंबर. आणि नंबर तर दुसऱ्याचाही होतो. बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो, हे ‘ट्राय’नं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातच सांगितलं होतं. त्यामुळे त्या अनोळखी माणसानं आत्याला फसवलं, असं मी म्हणणार नाही. त्याच्या खात्यात कुणीतरी आपणहून पैसे टाकले होते. चूक आमच्या पानाची होती.

मग गुगल नवी साइट सोडून जुनंच पान का दाखवतं? एकच मजकूर दोन पत्त्यांवर दिसला की गुगल त्यातला एक मूळ धरतं आणि शक्यतो तोच शोधात दाखवतं. जुन्या ब्लॉगला वर्षानुवर्षं लोकांनी लिंक दिलेल्या असतात, त्यामुळे त्याचं पारडं जड असू शकतं. ‘डुप्लिकेट मजकूर ठेवला की गुगल शिक्षा करतं’ असं जे सांगितलं जातं, ते खरं नाही. सरसकट तशी शिक्षा नाही, हे गुगलनंच अनेकदा स्पष्ट केलंय. शिक्षा नाही म्हणून आपण निवांत राहतो, हीच खरी अडचण.

फोन ठेवल्यावर रागाच्या भरात मी ब्लॉग डिलीट करायलाच बसलो होतो. तीन कारणांनी थांबलो, आणि तुम्हीही थांबा, असंच सांगेन. एक तर नव्या साइटवरचे निम्मे फोटो जुन्याच पत्त्यावरून दिसत होते. मजकूर हलला होता, फोटो नव्हते. तुमच्या साइटवर फोटो दाबून धरा, नव्या टॅबमध्ये उघडा आणि पत्ता वाचा, लगेच कळेल. दुसरं, आत्याच्या लोणच्याच्या बरण्यांवर अजून जुन्या ब्लॉगचा पत्ता छापलेली लेबलं लागत होती (हजार छापून घेतली होती, स्वस्त पडतात म्हणून). तिसरं, ब्लॉगरवरचा ब्लॉग कायमचा डिलीट केला की तो पत्ता पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे लेबलं वाचून येणारं गिऱ्हाईक थेट रिकाम्या पानावर.

योग्य रस्ता आहे रिडायरेक्टचा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर पोचवणं. कायमच्या स्थलांतरासाठी त्याचा संकेत ३०१. जुनं डोमेन तुमच्या मालकीचं असेल तर हे काम सोपं आहे. ते किमान एक वर्ष चालू ठेवा, असं गुगल सांगतं. माझ्या मते डोमेन त्यानंतरही सोडू नका. वर्षाला हजारभर रुपये वाचवायला ते सोडलं, तर उद्या कुणीही ते घेऊन तुमच्या नावाखाली वाटेल ते विकू शकतो.

फुकटच्या ब्लॉगवर मात्र हात बांधलेले असतात. ब्लॉगरच्या सेटिंगमधलं ‘कस्टम रिडायरेक्ट’ त्याच ब्लॉगमधल्या पानावर नेतं, बाहेरच्या साइटवर नाही. थीममध्ये कोड टाकून वाचकाला पुढे ढकलता येतं, पण कुठलं पान कुठे न्यायचं ही यादी तुम्हालाच करावी लागते. इथं मराठीत लिहिणाऱ्यांची वेगळीच गोची आहे. इंग्रजी शीर्षक असेल तर पत्त्यात ते शब्द येतात. देवनागरी शीर्षक असलं की ब्लॉगर पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा टाकत आलाय. त्यामुळे पत्ता बघून चकली कुठली आणि कोथिंबीर वडी कुठली, काही कळत नाही. आत्याच्या ६४ पोस्ट मी एकेक उघडून वहीत लिहिल्या. दोन रविवार गेले.

पण यादीच्याही आधी नंबर काढला. मजकुरातून, बाजूच्या पट्टीतून आणि दिवाळी ऑफरच्या त्या फोटोवरूनही, ज्यावर तो मोठ्या लाल अक्षरांत होता. हा फोटो मी जवळजवळ विसरलोच होतो. मग ब्लॉगचा बॅकअप उतरवला. त्यात पोस्ट आणि कॉमेंट येतात, फोटो वेगळे उतरवावे लागतात. ते नव्या साइटवर चढवले. शेवटी प्रत्येक जुन्या पोस्टमधला मजकूर काढून तिथं एकच ओळ ठेवली: ही पाककृती आता इथं आहे, आणि लिंक.

यात एक चूक हुशार माणसंही करतात. जुनी साइट गुगलमधून जावी म्हणून ‘रोबोट्स’ फाइलमध्ये गुगलला प्रवेशबंदी करतात. पण गुगल आत आलंच नाही, तर पान बदललंय किंवा त्यावर ‘नोइंडेक्स’ लिहिलंय हे त्याला कळणार कसं? जुना पत्ता शोधात तसाच राहू शकतो. दार उघडं ठेवा आणि आत ‘नोइंडेक्स’ची पाटी लावा. सर्च कन्सोलमधून पान काढण्याची विनंती करता येते, पण तिचा परिणाम साधारण सहा महिनेच टिकतो. तेवढ्यात मूळ पान हटवलं किंवा बदललं नाही, तर ते परत दिसू लागतं.

हे सगळं करायला जुन्या खात्याचं लॉगिन हवं, ते आजच तपासा. दोन वर्षं न वापरलेली खाती हटवण्याचं धोरण गुगलनं डिसेंबर २०२३ पासून लागू केलंय. खातं गेलं किंवा पासवर्ड कॉलेजच्या जुन्या लॅपटॉपबरोबर भंगारात गेला, तर स्वतःच्याच पानावरचा नंबरही तुम्हाला बदलता येणार नाही. मला लॉगिन तिसऱ्या प्रयत्नात मिळालं. पासवर्डात तेव्हाच्या माझ्या रोल नंबरचे आकडे होते.

आता चकलीची पोस्ट शोधली की नवी साइट वर येते. व्हायला दीड महिना लागला. जुना ब्लॉग मी अजून डिलीट केलेला नाही. आत्याकडे दोनशेएक लेबलं शिल्लक आहेत, ती तिला फेकवत नाहीत. ती संपली की बघू. नव्या लेबलांवर काय छापायचं ते मात्र तिनं ठरवलंय: पत्ता फक्त डोमेनचा, मोबाइल नंबर नाही.