रस्त्याचे वर्णन कोण करणार?

मराठी प्रवासलेखनात गेल्या काही वर्षांत हिमालयाला, विशेषतः लडाखला, मोठे स्थान मिळाले आहे. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत आणि महाजालावर मनाली-लेह रस्त्यावरील प्रवासाचे लेख सातत्याने येतात. ते वाचताना एक गोष्ट आम्हांला खटकत आली आहे. प्रवास रस्त्याचा असतो आणि वर्णन रस्त्याच्या दोन बाजूंचे. गाडीच्या काचेतून दिसलेली 'हिमाच्छादित शिखरे' आणि 'निळीशार सरोवरे' यांची नोंद होते. ती ज्याच्यामुळे दिसली तो रस्ता मात्र लेखातून बेपत्ता असतो. शैलीपेक्षा हा दोष दृष्टीचा आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम विशेषणांचा विचार करू. लडाख हे शीत वाळवंट आहे. लेह येथे वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे १०० मिलिमीटर एवढीच वृष्टी होते. हा रस्ता खुला असतो त्या उन्हाळ्याच्या महिन्यांत बर्फ उंच माथ्यांवरच उरलेले असते. प्रवाशाच्या डोळ्यांसमोर तासन्‌तास राहतात ते उघडेबोडके, गेरूच्या आणि राखेच्या रंगाचे डोंगर. 'हिमाच्छादित' हा तयार शब्द लिहिला, की हे डोंगर पाहण्याची गरजच उरत नाही.

सरोवरांचेही तेच. बारालाचा खिंडीजवळचा सूरज ताल हा भागा नदीचा उगम; त्याचे पाणी गोडे. मोरे पठाराजवळचा त्सो कार खारा. त्याच्या नावाचा अर्थच 'पांढरे सरोवर'. काठावर मिठाचे थर साचतात आणि चांगपा पशुपालक एके काळी तेथून मीठ काढून नेत. लेहहून पूर्वेकडे गेल्यावर लागणारा पँगाँगही खारा, तरी हिवाळ्यात तो गोठतो. तीन सरोवरांचे हे तीन स्वभाव 'निळेशार' या एका शब्दाखाली बुजून जातात. २००९ साली 'थ्री इडियट्स' प्रदर्शित झाल्यापासून तर पँगाँगच्या काठी उभा राहिलेला लेखक बरेचदा सरोवराऐवजी चित्रपटाचेच वर्णन करतो.

आता रस्त्याकडे वळू. या मार्गावरील तंगलांग ला ही खिंड सुमारे ५,३०० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीच्या तुलनेत तेथे श्वासागणिक जवळजवळ निम्माच प्राणवायू मिळतो. पर्यटक तेथे काही मिनिटे थांबतो, छायाचित्र काढतो आणि डोके दुखू लागण्याआधी खाली उतरतो. त्याच मार्गावर मजूर खडी फोडतात, डांबर तापवतात, कोसळलेली दरड उपसतात. १९६० साली स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेच्या कामावर येणाऱ्या या मजुरांपैकी बरेच जण झारखंडच्या दुमका परिसरातले. २०२०च्या टाळेबंदीत लडाखमध्ये अडकलेल्या काही मजुरांना त्यांच्या राज्य सरकारने मे महिन्यात विमानाने परत आणले, तेव्हा हे लोक बातमीत आले. जूनमध्ये दुमक्याहून विशेष रेल्वेगाडीने मजूर पुन्हा लडाखच्या कामावर निघाले. बातमी संपली, काम चालू राहिले.

आमच्या वाचनातल्या बहुतेक लेखांत या संघटनेच्या रस्त्याकडेच्या गमतीदार, यमक जुळवलेल्या पाट्या आवर्जून उद्धृत केलेल्या असतात. पाटी दिसते आणि तिच्याशेजारी खडी फोडणारा माणूस दिसत नाही, याला योगायोग म्हणणे अवघड आहे.

यावर कोणी म्हणेल, की प्रवासवर्णन म्हणजे समाजशास्त्राचा अहवाल नव्हे. सौंदर्याचा आस्वाद घेणे हा काही गुन्हा आहे काय? आक्षेप योग्य आहे, पण मराठीची स्वतःची परंपरा त्याला उत्तर देते. १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाट हीच कथा आहे: वाटेवरची भीती, लूट, पैशाची विवंचना, भेटलेली माणसे. नर्मदा परिक्रमा करणाऱ्या गो. नी. दांडेकरांच्या लेखनातही निसर्गाचे सौंदर्य चालणाऱ्या पायांमधून येते. पायी चालणाऱ्याला रस्ता विसरता येत नव्हता. मोटारीने ती सोय करून दिली. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्याने मनाली-लेह अंतर सुमारे ४६ किलोमीटरने घटवले आणि रोहतांगचा चढ टाळता येऊ लागला. जे खोदायला दहा वर्षे लागली, ते आता प्रवासलेखात एका वाक्यात ओलांडले जाते.

महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या आम्हांला हा प्रश्न जवळचा वाटतो, कारण हीच तयार भाषा विद्यार्थ्यांच्या हाती पडते. लडाख न पाहिलेला विद्यार्थी आज त्यावर बिनचूक निबंध लिहू शकतो, आणि तो छापील लेखापासून वेगळा ओळखता येत नाही. हे त्या विद्यार्थ्याचे यश नसून त्या लेखाचे अपयश आहे. म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना विद्यार्थ्यांना त्यांच्या रोजच्या एसटीच्या रस्त्याचे वर्णन लिहायला सांगावे. 'निसर्गरम्य' हा शब्द वर्ज्य ठेवावा, आणि तो रस्ता कोणी केला, पावसाळ्यात तो कोण दुरुस्त करते, याची चौकशी करणे सक्तीचे असावे. त्यांच्यापैकी कोणी पुढे लडाखला गेलाच, तर बर्फाइतकेच त्याला खडीबद्दलही काही सांगता येईल.