उशिरा आलेला माफीनामा

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा लंबवर्तुळाकार मैदानावर अठरा-अठरा गड्यांत खेळला जाणारा धसमुसळा खेळ. त्यात दरसाल दिल्या जाणाऱ्या ब्राउनलो पदकाची रीत अशी, की प्रत्येक सामन्यानंतर पंचांनीच तिघा खेळाडूंना अनुक्रमे ३, २ व १ असे गुण द्यावेत, आणि गैरवर्तनाबद्दल मोसमात ज्याच्यावर सामनाबंदी आली, तो कितीही पराक्रमी असो, पदकास अपात्र ठरावा. म्हणजे नैपुण्याइतकीच सचोटीही येथे जोखली जाते, आणि जोखणारे खेळाडूच्या सर्वांत निकट असतात. हे पदक सिडनी स्वान्सच्या ॲडम गूड्स यांना २००३ साली विभागून आणि २००६ साली एकट्यांना, असे दोनदा मिळाले. नेमक्या याच गृहस्थांच्या कारकिर्दीची अखेर प्रेक्षकांनी हुर्यो उडवून कडू केली. आणि समर्थन काय, तर म्हणे ते पडल्याचे सोंग करून पंचांकडून फ्री किक उकळतात!

खरे कारण अर्थात निराळे होते. गूड्स मातृकुळाने आदिवासी. त्यांच्या आईला बालपणीच सरकारी धोरणापायी कुटुंबापासून तोडण्यात आले होते. मे २०१३ मध्ये मेलबर्नला कॉलिंगवूडविरुद्धच्या सामन्यात कुंपणालगतच्या एका १३ वर्षांच्या मुलीने त्यांना ‘वानर’ म्हटले, तेव्हा त्यांनी थबकून तिच्याकडे बोट दाखवले, रक्षकांनी तिला बाहेर नेले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी लोकांना विनविले की, त्या पोरीला दोष देऊ नका. २०१२ च्या अंतिम सामन्यात गुडघ्याचा स्नायुबंध फाटला असताही जो शेवटपर्यंत खेळला, त्याच्या अंगी हा विवेकही होता. परंतु २०१४ साली ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान लाभल्यावर ते देशाच्या इतिहासाविषयी स्पष्ट बोलू लागले, आणि मे २०१५ मध्ये गोल केल्यावर त्यांनी हाती नसलेला भाला उगारून युद्धनृत्याची चार पावले टाकली. त्यानंतर चेंडू त्यांच्या हाती आला रे आला की गदारोळ सुरू. ऑगस्टमध्ये त्यांनी एका सामन्यापुरती रजा घेतली. सप्टेंबरात, ३७२ सामन्यांअंती, ते निवृत्त झाले, आणि अंतिम सामन्याच्या दिवशी निवृत्तांच्या निरोप-फेरीलाही गेले नाहीत.

तिकीट घेतलेल्याला ओरडण्याची मुभा असते, हे कबूल. माझा मुख्य आक्षेप प्रेक्षकांवर नाहीच. तो लीगच्या कारभाऱ्यांवर आहे, ज्यांनी हा प्रकार आठवड्यामागून आठवडे चालू असता ‘वंशद्वेष’ हा शब्द उच्चारण्यास विलंब लावला. खेळ थांबवता येत नाही, ही सबब खोटी आहे. ज्या सिडनी क्रिकेट ग्राउंडवर गूड्स नाचले, तेथेच जानेवारी २०२१ मध्ये मोहम्मद सिराज यांना प्रेक्षकांतून अपशब्द ऐकू येताच आपल्या अजिंक्य रहाणे यांनी पंचांकडे फिर्याद नेली, खेळ काही मिनिटे तहकूब झाला आणि काही प्रेक्षकांना तत्काळ उठवण्यात आले.

लीगने व तिच्या अठराही क्लबांनी गूड्स यांची जाहीर माफी मागितली ती जून २०१९ मध्ये, म्हणजे निवृत्तीला चार वर्षे होत आल्यावर आणि या छळावरचा माहितीपट लोकांपुढे येण्याच्या सुमारास. पुढे २०२१ साली त्यांना ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेण्याचा प्रस्ताव आला, तो त्यांनी नाकारला. काहींना त्यात ताठा दिसला. मला त्यात गैर असे काहीच दिसत नाही.