टिचकी

परवा चामोर्शीच्या बाजारात एक आजोबा माठ घेत होते. कुंभाराने पुढे केलेला माठ कानाशी धरायचा आणि बोटाने टिचकी मारायची. दोन माठ बद्द वाजले, ते बाजूला सारले. तिसरा खणखणला.

“पोटातली चीर डोळ्याले दिसत नाई, गुरुजी,” ते मला म्हणाले. “वाजवल्याबिगर का समजते?”

मी विज्ञान शिकवणारा माणूस; मला राहवले नाही. न्यूट्रॉनची टिचकी मी त्यांना तिथेच सांगितली. वाचकहो, आता आपली पाळी!

१९३२ साली जेम्स चॅडविक यांनी शोधलेल्या न्यूट्रॉनवर विद्युत्भार नसतो. त्यामुळे अणूचे केंद्रक त्याला दूर लोटीत नाही. तो थेट आत जाऊन धडकतो. वेगवान न्यूट्रॉन धडकला की आपली काही ऊर्जा केंद्रकाला देऊन पुढे सटकतो. ते केंद्रक क्षुब्ध होते आणि निमिषार्धाच्या आतच ती ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने टाकून मोकळे होते. मौज ही की प्रत्येक मूलद्रव्याचे सूर ठरलेले असतात. लोखंडाचा मुख्य सूर ०.८५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, सिलिकॉनचा १.७८, कार्बनचा ४.४४, ऑक्सिजनचा ६.१३. टिचकी मात्र जोरदार हवी. न्यूट्रॉनची ऊर्जा साडेसहा दशलक्षांच्या खाली असली, तर ऑक्सिजन आपला हा सूर काढायचा नाही!

मंद न्यूट्रॉनची तऱ्हा निराळी. त्याला केंद्रक गिळूनच टाकते, आणि मग गॅमा किरण बाहेर पडतात. हायड्रोजनचा २.२२ चा सूर असाच निघतो. तुर्भ्याची ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, ती पाण्याच्या हौदात बुडवलेली होती. न्यूट्रॉनना आवरायला पाणी चांगले, शिसे नव्हे; पण पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉन गिळून वर गॅमा किरण सोडतो, म्हणून हौदाचे पाणी खोल ठेवावे लागते. घर राखायला ठेवलेला कुत्राच रात्रभर भुंकत बसावा, तशातला हा प्रकार.

या विद्येचा उपयोग? चालत्या पट्ट्यावरचा कोळसा किंवा चुनखडक न थांबवता पारखणारी यंत्रे आहेत. चंद्रावर तर टिचकी मारायलाही कुणी जावे लागत नाही. विश्वकिरण तिथल्या मातीतून न्यूट्रॉन उडवतात आणि माती आपोआप बोलू लागते. १९९८-९९ मध्ये ‘लूनर प्रॉस्पेक्टर’ यानाने वरून ते ऐकून चंद्रावरच्या लोखंडाचा नकाशा काढला.

आजोबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “का जी, मंग सूरजागडचा डोंगर न फोडताच सांगता येते ना, पोटात किती लोखंड हाये ते?”

एटापल्लीकडचा तो डोंगर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचा. गेली काही वर्षे तिथले खनिज आमच्या तालुक्यातल्या कोनसरीला येते. आजोबांनी हे का विचारले, ते मला न सांगताच कळले. आणि उत्तर देणे मला जड गेले. कारण हा सूर दगडातून फार दूरवर ऐकू येत नाही. वरचा हात-दीड हात थर बोलतो, खालचा मुका राहतो. चंद्राचा नकाशाही तेवढ्याच कातडीचा. त्याहून खोलातले ऐकायचे, तर जमिनीला भोक पाडून त्यात यंत्र सोडावे लागते. तेलविहिरींत तसे करतात.

“मंजे भोक पाडाच लागते,” आजोबा म्हणाले. त्यांनी माठ खांद्यावर घेतला आणि कुंभाराशी भावाची घासाघीस सुरू केली.