मानेवरची गाठ: तपासणीआधी शिक्का नको

मानेला गाठ आली की आपल्या वस्तीत डॉक्टरच्या आधी शेजारीच निकाल देतात: गंडमाळ, म्हणजे टीबी. संशय चुकीचा नाही; आपल्याकडे अशा गाठीमागे टीबी पुष्कळदा असतो. पण नुसत्या संशयावर सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करणे आम्हाला मान्य नाही.

टीबीसारखाच दिसणारा 'किकुची' नावाचा एक दुर्मिळ आजार आहे. जपानमध्ये १९७२ साली किकुची आणि फुजिमोतो या डॉक्टरांनी तो स्वतंत्रपणे नोंदवला. चाळिशीच्या आतल्यांना, त्यातही तरुण मुलींना तो जास्त होतो. मानेच्या बाजूला किंवा मागे दुखरी गाठ, ताप, थकवा, कधी रात्रीचा घाम. सूक्ष्मदर्शकाखाली तर तो कधी लिम्फोमा या कॅन्सरसारखाही भासतो. प्रत्यक्षात हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही आणि बहुतेकांचा एक ते चार महिन्यांत आपोआप बरा होतो.

फसगत इथेच होते. अंदाजाने टीबीचे औषध दिले, दुसऱ्या महिन्यात गाठ विरली, की सगळे म्हणतात गुण आला. मुलगी मात्र यकृताला त्रास देऊ शकणाऱ्या गोळ्या विनाकारण खात राहते आणि सोयरिकीच्या वेळी 'टीबीवाली' हा शिक्का आडवा येतो. खरे तर गाठीचा टीबीसुद्धा, फुप्फुसात नसेल तर, खोकल्यातून पसरत नाही. तरी घरात तिचे ताट वेगळे निघते. वेगळ्या ताटाचा अर्थ आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायला हवा का?

म्हणून तपासणी मागा. सुईच्या तपासणीत उलगडा झाला नाही तर गाठ काढून बायॉप्सी करावी लागते. तेव्हा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला आणि दुसरा सलाइनमध्ये टीबीच्या तपासणीला जायला हवा. सगळी गाठ फॉर्मॅलिनमध्ये बुडवली तर टीबीचे कल्चर होत नाही. हे ऑपरेशनच्या आधीच विचारा; विचारायला लाजू नका. निदानाआधी कुणी स्टेरॉइड देत असेल तर थांबा, त्याने कॅन्सर झाकला जाऊ शकतो.

टीबी निघाला तर सरकारी औषध मोफत आहे, कोर्स पूर्ण करायचाच. किकुची निघाला तर बहुधा ताप-दुखीच्या गोळ्यांवर भागते. मात्र थोड्या जणींना पुढे ल्युपस होतो. सांधे दुखू लागले, चेहऱ्यावर चट्टे आले तर बायॉप्सीचा जुना रिपोर्ट घेऊनच डॉक्टरकडे जा.