पडेल तीच टिपारी

वाचक भगिनींनो, दिवाळी अंकात परसबागेच्या पानाने झेंडू-शेवंतीवर बोलावे असा रिवाज आहे. यंदा मी कंदिलांवर लिहिणार आहे. गॅलरीत टांगतो ते आकाशकंदील नव्हेत. टिपारीच्या झाडाला आपोआप लटकतात ते.

टिपारीला कोणी रसभरी म्हणतात, महाबळेश्वरी तीच गुजबेरी म्हणून विकली जाते, आणि देशावर शेतांच्या बांधांवर न लावता उगवते ती तिची धाकटी बहीण पोपटी. (रायगडकडच्या भगिनींनी मडक्यात भाजलेली वालाच्या शेंगांची पोपटी मनात आणू नये. तिच्यासाठी वेगळे पान लागेल.) कूळ टोमॅटो-वांग्याचे. मूळ माहेर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरात. पुढे केप ऑफ गुड होपला तिची लागवड झाली, म्हणून साहेबाने तिला केप गूजबेरी म्हटले. उत्तर अमेरिकेतल्या बुटक्या जातीला ग्राउंड चेरी म्हणतात, कारण पिकले की फळ आपणहून जमिनीवर येते. या शेवटच्या गोष्टीतच सारे मर्म आहे, पण मला ते कळायला तीन वर्षे लागली.

आम्ही देवनारला राहतो. पत्ता सांगितला की समोरच्याचा हात नकळत नाकाकडे जातो. 1927 पासून मुंबईचा कचरा इथे येऊन पडू लागला, 1971 मध्ये कत्तलखाना आला. 1954 पासून टाटा समाजविज्ञान संस्थाही इथेच आहे, हे मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. आमचे घर तळमजल्यावर, पुढे चार हातांचे अंगण.

सासूबाई पुरंदरकडच्या. ऐंशी उलटल्यावर त्यांची जेवणावरची वासनाच उडाली. काय करू विचारले की म्हणायच्या, "काही नको." एक दिवस मात्र म्हणाल्या, "पोपटी मिळंल का गं?" मी धावत जाऊन बाजारातून टिपारीचा डबा आणला. त्यांनी एक तोंडात घातली आणि बाजूला ठेवली. "ही तोडलेली हाय. पोपटी वेचायची असती, तोडायची नसती."

त्याच डब्यातली चार पिकली फळे कुस्करून, बी धुऊन, सावलीत वाळवून मी पेरले. जानेवारीत! रोपे झकास आली, होळीला फुलली, आणि एप्रिलच्या उन्हात फुले पटापट गळली. दुसऱ्या वर्षी शहाणपणा करून पहिल्या पावसात पेरले. आपल्याकडचा पाऊस टिपारीला झेपत नाही. कुंड्यांत पाणी साचून मुळे कुजली. सासूबाई खिडकीतून पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत, तेच अधिक लागले.

मग डोक्यात प्रकाश पडला. थंड देशांतल्या बायका हिवाळा संपता संपता घरात खिडकीशी बी पेरतात, आणि हिमाची भीती सरली की रोपे बाहेर लावतात. त्यांचा उन्हाळा म्हणजे जवळपास आपला पौष-माघ. मुंबईला थंड हवा मिळते ती तेवढीच, रात्री सतरा-अठरा अंशांची. झाड फुलायला आणि फळायला ते दिवस सापडले पाहिजेत. म्हणून 2015 साली गणपतीच्या सुमारास वळचणीखाली बी पेरले आणि दिवाळीत वीतभर रोपे बारा इंची कुंड्यांत लावली, कुंडीला एकच.

माती हलकी, निचऱ्याची हवी. शेणखत बेताने, फार लाड केले की नुसता पाला माजतो. आणि आमच्या भागातल्या भगिनींनो, भराव टाकलेल्या जागेची माती खाण्याच्या झाडाला कधीही वापरू नका. काचा आणि प्लास्टिक वेचून काढता येतात, पण त्या मातीत मुरलेले जड धातू डोळ्यांना दिसत नाहीत. माती रोपवाटिकेतून आणा, खत स्वतःच्या भाजीच्या सालींचे करा. तेवढाच डंपिंगचा भार हलका. फुले आली की फांदी हलकेच हलवावी. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्याचा फवारा पुरतो.

जानेवारीत हिरवे कंदील लोंबू लागले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, 2016 साली, डंपिंग पेटले. कित्येक दिवस धूर. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आम्ही दारे-खिडक्या लावून बसलो. सासूबाईंचा खोकला थांबेना, आणि मला तर त्या टिपारीची आठवणसुद्धा राहिली नाही. धूर निवळल्यावर बाहेर आले तो पानापानांवर काजळी. उपटून टाकावे म्हणून हात घातला, आणि सहज एक कंदील सोलला. आत फळ हिरवेच, पण आत्ता पुसून ठेवल्यासारखे लखलखीत. झाड धुतले, पाणी घातले आणि तसेच राहू दिले.

इथे एक ताकीद. हिरवी फळे मुलांना मुळीच देऊ नका, ती बाधतात. पालाही खाऊ नये. आणि अश्वगंधेचे लाल फळही असेच कागदी टोपणात असते, म्हणून रानातून ओळखीशिवाय काही तोंडात घालू नये.

फेब्रुवारी सरता सरता कंदील वाळून पिवळट झाले. कुंड्यांखाली मी जुने लुगडे अंथरले. एका सकाळी त्यावर सहा पडले होते. सासूबाईंना धरून अंगणात आणले, पाटावर बसवले. त्यांनी स्वतः वेचले, सोलले, धुऊन आणते म्हटले तर ऐकेनात, पदराला पुसून एक तोंडात टाकले.

"आमची बारीक असायची," त्या म्हणाल्या. मग दुसरे घेतले. सहाच्या सहा संपवून म्हणाल्या, "भाकरी हाय का गं थोडी?"

यंदा ज्यांची रोपे तयार नाहीत त्यांनी या आठवड्यातच बी टाकावे. फळ होळीच्या पुढे जाईल, थोडे कमी येईल. बुटकी ग्राउंड चेरी मिळाली तर उशिराच्या पेरणीला तीच बरी. रोप लावल्यापासून सत्तर दिवसांच्या आसपास पडू लागते. पडलेली फळे टोपणासकट कोरड्या परडीत ठेवा, कित्येक आठवडे टिकतात. आमच्याकडे ती कधी तितकी उरली नाहीत.