साहेब गेला, कायदा राहिला

१५ ऑगस्टला झेंडावंदन होतं, पोरांना खाऊ वाटला जातो आणि आपण रानात जातो. पण १९४७ साली कागदावर नेमकं काय झालं, हे शेतकऱ्याने एकदा समजून घ्यावं. त्याचा संबंध थेट सातबाऱ्याशी आहे.

ब्रिटिश संसदेच्या भारत स्वातंत्र्य कायद्याला १८ जुलै १९४७ रोजी राजाची मंजुरी मिळाली. अवघी वीस कलमं, पण एका देशाचे दोन झाले. त्यातच कलम १८ ने सांगून ठेवलं, की चालू कायदे बदलले जाईपर्यंत तसेच चालतील. १९५० साली आपल्या राज्यघटनेने हा स्वातंत्र्य कायदा रद्द केला. पण कलम ३७२ मध्ये जुने कायदे पुन्हा चालूच ठेवले. दुसरा इलाजही नव्हता म्हणा. फाळणीचा आगडोंब उसळलेला, त्यात रातोरात कायदे पुसले असते तर फेरफार कशावर नोंदवायचे आणि खटले कशावर चालवायचे?

तक्रार आहे ती पुढच्या चालढकलीची. १८९४ चा भूसंपादन कायदा घ्या. त्याच्याच जोरावर मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी टाटांच्या धरणासाठी घेतल्या, म्हणून १९२१ साली सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्यात पुढे होते. स्वराज्य आलं तरी नोटिसा त्याच कायद्याच्या. पाकिस्तानानेही तोच ठेवला. जमीन दोघांनी वाटून घेतली, ती काढून घ्यायचा कायदा मात्र दोघांकडे एकच! हरकत ऐकून घेत, पण शेतकऱ्याच्या संमतीला त्यात जागाच नव्हती. आपल्याकडे तो १ जानेवारी २०१४ ला गेला.

जुनं सगळंच टाकाऊ, असंही नाही. शेताची वाट कुणी अडवली तर तहसीलदारांकडे ज्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागतो, तो १९०६ चा. आजही कामाला येतो. वनकायदा मात्र १९२७ चा. त्याचा जाच डोंगरकडेच्या गावांना विचारा.

नव्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला, खाजगी कंपनीसाठी ८० टक्के संमतीची अट आली. पण राज्याने २०१८ साली दुरुस्ती करून काही प्रकल्पांना या अभ्यासातून वगळलंय. तेव्हा नोटीस आली की रकमेआधी वरचं कायद्याचं नाव आणि कलम बघा. तलाठी-ग्रामसेवकांनीही ते चावडीवर मोठ्याने वाचून दाखवावं.