सरांबद्दलच तक्रार असेल तर? फुटबॉल क्लबमधला ‘वेल्फेअर ऑफिसर’ नेमकं काय करतो

इंग्लंडमध्ये मुलांचा संघ असलेल्या छोट्यातल्या छोट्या क्लबलाही वेल्फेअर ऑफिसर नेमावा लागतो. बहुतेकदा एखादा पालकच हे काम बिनपगारी करतो. प्रशिक्षकांची गुन्हे-नोंद तपासली गेली का, हे पाहायचं, मैदानाबाहेरून ओरडणाऱ्या पालकांना आवरायचं. हे झालं नेहमीचं.

खरी कसोटी मूल तक्रार घेऊन येतं तेव्हा. ऐकायचं, लगेच लिहून ठेवायचं, जिल्हा पातळीवरच्या काउंटी एफएला कळवायचं. धोका असेल तर थेट पोलिसांना. खरं-खोटं ठरवायचं नाही. ‘सर तसे नाहीत’ म्हणत प्रकरण आपसात मिटवणं, ही सगळ्यात मोठी चूक. म्हणूनच हे पद प्रशिक्षकाच्या नातलगाला देणं म्हणजे ते न भरण्यासारखंच.

उशीर किती महागात पडतो, हे इंग्लंडने पाहिलं आहे. २०१६ मध्ये माजी खेळाडू अँडी वुडवर्ड लहानपणी प्रशिक्षकाने केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल उघडपणे बोलले आणि मग अनेक जण पुढे आले. ऑक्टोबर १९९५ ते मे २००० या काळात एफएने मुलांच्या सुरक्षेसाठी पावलं उचलायला फार वेळ लावला, असा ठपका २०२१ च्या शेल्डन अहवालाने ठेवला.

आपल्याकडे पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. पण बारा वर्षांच्या मुलाला कलम कुठून माहीत असणार? त्याला एक नाव आणि एक नंबर हवा. अकादमीची फी भरताना पालक किट आणि वेळ विचारतातच, तेव्हा तो नंबरही मागून घ्यावा. तो सरांचाच निघाला, तर दुसरा मागावा.